परीक्षेपुरतं शरीरशास्त्र

आमच्या सरांची एक गोष्ट मात्र मानलीच पाहिजे, नाहीतर उद्या कुणी म्हणेल ही बाई नुसती खार खाऊन बसली आहे. सर फळ्यावर दोन्ही हातांनी एकाच वेळी आकृती काढायचे.

दोन्ही हातांत एकेक खडू घ्यायचे, दोन्ही खडूंची टोकं फळ्याच्या मधोमध एकमेकांना टेकवायचे, देवघरात मिटावेत तसे डोळे मिटायचे, आणि मग दोन्ही हात एकदम दोन दिशांना निघायचे. डावीकडे बीजवाहिनी, उजवीकडे बीजवाहिनी. डावीकडे तिच्या टोकाची झालर, उजवीकडे झालर. झालरींच्या खाली बदामाएवढे दोन बीजांडकोश. मग दोन्ही हात परत आत वळायचे, मधे उलट्या नासपतीसारखं गर्भाशय उमटायचं आणि खाली येऊन दोन्ही रेघा एकमेकींना मिळायच्या. कुठे गाठ नाही, कुठे खोडणं नाही. घडी घालून पाहिली असती तर डावी बाजू उजवीवर तंतोतंत बसली असती. कॉमर्सची पोरं हे बघायला खिडकीशी उभी राहायची. आता त्यातली किती कलेसाठी यायची आणि किती विषयासाठी, ते देव जाणे. एकदा एकाने टाळी वाजवली, तर सरांनी त्याला थेट प्राचार्यांपुढे उभं केलं होतं.

हे बारावीचं सांगते आहे, ऐंशी सालाच्या आसपासचं. सर आमच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. आणि आमचं दुर्दैव बघा, घरमालकही तेच. त्यांच्या घरात वरच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहायचो आणि खाली ते, त्यांची बायको आणि चार मुली. म्हणजे सकाळी अकरा वाजता मी त्यांना फळ्यासमोर पाहायची आणि संध्याकाळी मोरीसमोर. एकाच माणसाच्या दोन आवृत्त्या, आणि एकीचा दुसरीशी काडीचा संबंध नाही. मी पुढे त्याच विषयाची मास्तरीण झाले, एकाच हाताने आकृत्या काढल्या, त्याही वाकड्यातिकड्या. पण त्या काढताना मला ते आठवले नाहीत असं एकही वर्ष गेलं नाही, आणि आठवले तेव्हा कपाळाला आठी पडली नाही असंही झालं नाही.

प्रजनन संस्थेचा धडा ते मुलांना वेगळा शिकवायचे, मुलींना वेगळा. मुलांना कसा शिकवायचे ते माहीत नाही. आम्हा मुलींना शिकवताना त्यांनी एकदाही तोंड वर्गाकडे केलं नाही. तास सुरू झाला की फळ्याकडे वळायचे ते घंटा होईस्तोवर. आम्हाला दिसायची ती फक्त त्यांची पाठ, कॉलरवरची तेलाची कड आणि दोन हलणारे हात. गर्भधारणा, गर्भवाढ, प्रसूती, सगळं त्यांनी फळ्याला समजावून सांगितलं. कुणी शंका विचारली तर उत्तरही फळ्यालाच. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, दर महिन्याला पोट काहून दुखते?" सर इतके दचकले की त्यांच्या डाव्या हातातला खडू मोडला. मग फळ्याला म्हणाले, "अभ्यासक्रमाबाहेरचं विचारू नये."

आणि ते "रेघ आडवी, मन सरळ!" हे त्यांचं घोषवाक्य होतं. आकृतीतल्या भागांना नावं द्यायची ती रेघ पट्टीने काढलेली आडवीच पाहिजे. तिरपी दिसली की अर्धा गुण गेला. भागाचं नाव चुकलं तर एक वेळ माफ, पण रेघ तिरपी म्हणजे महापाप. माझी आई एकदा म्हणाली, "त्या माणसाच्या मनाला पट्टी लावून पाहायले पाहिजे कुणीतरी." तेव्हा मला ते नुसतं आईचं खवचट बोलणं वाटलं होतं.

प्रयोगशाळेत मानवी धडाचा एक प्लास्टरचा पुतळा होता. पोट उघडून आतडी, यकृत, मूत्रपिंडं सगळी बाहेर काढता यायची. त्या पुतळ्याच्या कमरेला सरांनी लाल काठाचा पंचा गुंडाळला होता, स्वतःच्या हाताने, निऱ्या काढून. पोरं त्याला मामा म्हणायची. दर शनिवारी सर मामाचा पंचा सोडायचे, शिपायाला धुवायला द्यायचे आणि सोमवारी वाळलेला परत नेसवायचे. मधल्या काळात मामा कपाटात, कपाटाला कुलूप. आतडी उघडी टाकून उभ्या असलेल्या माणसाची लाज कमरेलाच कशी असते, हे मला अजून कळलेलं नाही.

हे सगळं हसून सोडून देण्यासारखं होतं. माणूस विचित्र असतो, असू द्या. पण धड्याचं शेवटचं पान यायचं, मुलगा की मुलगी हे कसं ठरतं ते सांगणारं, आणि तिथे सर खरोखर रंगात यायचे. आईच्या बीजात नेहमी एक्सच. वडिलांच्या शुक्राणूंत काही एक्सवाले, काही वायवाले. एक्सवाला पोहोचला तर मुलगी, वायवाला पोहोचला तर मुलगा. फळ्यावर बाण काढून, चौकट काढून, खडूने दोनदा अधोरेखित करून सर लिहायचे, 'अपत्याचे लिंग केवळ पित्यावर अवलंबून असते.' केवळ या शब्दावर खडूचा ठोका. "हा प्रश्न दर वर्षी येते. डोळे मिटून लिहा," असं फळ्याला सांगायचे आणि हात झटकायचे.

त्याच संध्याकाळी खाली अंगणात त्यांचा आवाज ऐकू यायचा, "चार! चारच्या चार पोट्ट्या टाकल्या या बाईनं माह्या घरात!"

या बाईनं. म्हणजे काकूंनी. काकू म्हणजे सरांची बायको, मूळच्या कन्हानच्या, तिथल्या कोळशाच्या खाणीत हजेरी कारकून असलेल्या भावाची एकुलती एक बहीण. ठेंगण्या, सावळ्या, बोलायला कमी. आईशी मात्र त्यांचं जमायचं. दुपारी दोघी जिन्यात बसून तांदूळ निवडायच्या. थोरली सुनंदा माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. तिच्याखालची नववीत. मग दोन लहान. सगळ्यात धाकटीचं नाव सरांनी पूर्णा ठेवलं होतं. आता पुरे, असा देवाला निरोप म्हणे. देवाशीही हा माणूस फळ्यासारखाच बोलायचा, उत्तराची वाट न बघता.

पाचव्यांदा काकूंना दिवस गेले ते आम्ही बारावीत गेलो त्या उन्हाळ्यात. सुनंदा मला सांगताना रडकुंडीला आली होती. आई या वयात, आणि आपण बारावीत. मी म्हटलं, तू काहून लाजतेस, लाजायचं ते बाबांनी लाजावं. पण लाज हा त्यांचा विषयच नव्हता. ती सगळी त्यांनी मामाच्या कमरेला गुंडाळून ठेवली होती.

सर लगेच इतवारीत गेले. धान्याच्या घाऊक दुकानांच्या मागे, हातगाड्यांच्या गर्दीतून वाट काढत जावं लागायचं अशा एका बोळात कुणी वैद्य बसायचा. त्याच्याकडून पुडीत बांधून शिवलिंगीच्या बिया आणल्या. या बिया बाईने सुरुवातीच्या दिवसांत दुधातून घेतल्या की पोटात पोरगी असली तरी पोरगा होतो, असा समज. आणि दूध साधं चालत नाही. ज्या गाईला गोऱ्हा झाला आहे, म्हणजे नर वासरू, तिचंच पाहिजे. कालवड असलेल्या गाईचं दूध चुकून गेलं तर सगळं मुसळ केरात.

मग काय विचारता! एम.एस्सी. झालेला माणूस सकाळी सकाळी हातात लोटा घेऊन गोठे पालथे घालायला लागला. गवळ्याच्या शब्दावर विश्वास नाही, विज्ञानाचे ना ते! प्रत्यक्ष निरीक्षण पाहिजे. मी स्वतः पाहिलं आहे, कॉलेजला जाताना वाटेतल्या गोठ्यात सर धोतर सावरत वाकले होते आणि एका वासराची शेपूट उचलून चष्म्यातून खाली बघत होते. गवळी म्हणत होता, "गुरुजी, गोऱ्हाच हाय जी, मी काय खोटं बोलून राहिलो का?" सर म्हणाले, "खात्री केलेली बरी." शेवटी कन्हानकडून रोज सकाळी कॅन घेऊन येणारा एक दूधवाला त्यांना पसंत पडला. त्याच्या गाईला नुकताच गोऱ्हा झाला होता, आणि तोही थेट काकूंच्या माहेरगावचा. सरांना त्यात शुभशकुन दिसला.

त्या दुधाने काकूंना उलट्या व्हायच्या. मोरीशी वाकलेल्या असायच्या आणि मागे सर लोटा घेऊन उभे. "आता परत घे. वाया गेलं ते."

मला राहवलं नाही. मी काही फार धीट मुलगी नव्हते, पण जीभ लांब होती. जिन्यात सरांना गाठलं आणि विचारलं, "सर, तुम्हीच तर शिकवलं ना, वाय वडिलांकडूनच येतो म्हणून? मग बिया काकूंना काहून देता? घ्यायच्या असतील तर तुम्ही घ्या."

मला वाटलं होतं आता खोली खाली करायची नोटीस येते. पण सर रागावलेच नाहीत. माझ्याकडे अगदी दयेने पाहिलं, मठ्ठ विद्यार्थ्याकडे पाहावं तसं.

"अवं, ते परीक्षेत येते," ते म्हणाले. "घरी काय परीक्षा हाय का?"

आणि लोटा घेऊन आत गेले.

मी वर येऊन आईला सांगितलं. आई आमची वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची लेक, पीठ मळत होती, ती थांबली. "पेरायची तूर, मागायचा गहू, आन शिव्या द्यायच्या वावराले," ती म्हणाली. "मास्तर होय का कोण होय बाप्पा हा!" आणि त्या रागात तिने कणीक अशी काही मळली की त्या दिवसाच्या पोळ्या लुसलुशीत झाल्या होत्या.

दिवाळी झाली आणि सरांनी काकूंना माहेरी धाडायचं ठरवलं. पाचव्या बाळंतपणाला कोण माहेरी पाठवतं? पण सरांचं गणित वेगळं होतं. रिक्षा दारात उभी होती. काकू, दोन लहान पोरी, एक पत्र्याची पेटी. सुनंदा आणि तिच्याखालची इथेच राहणार होत्या, एकीची बारावी, दुसरीने बाबांचा स्वयंपाक करायचा. आम्ही जिन्यात उभे होतो. सर रिक्षाजवळ गेले. मला वाटलं, काही नाही तर 'जपून राहा' एवढं तरी म्हणतील.

सर म्हणाले, "पोरगा झाला तं लगेच तार करजो. मी घ्याले येतो. पोरगी झाली तं तार करू नको, आन येऊबी नको. तार नाही आली का मी समजून घेईन."

अगदी शांतपणे, परीक्षेच्या सूचना वाचून दाखवाव्यात तसं.  काकूंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चल गा." रिक्षा वळली तशी पूर्णा मागे बघून हात हलवत होती, कुणीतरी हलवेल म्हणून. आईने हलवला. सर तोवर घरात गेले होते.

चार लेकरांची आई, पंधरा-वीस वर्षं त्या घराचं जातं ओढलेली बाई, आणि तिचं घरात राहणं न राहणं पोस्टाच्या एका कागदावर ठेवलं त्या माणसाने! मला त्या रात्री जेवण गेलं नाही. सुनंदा जेवली. तिला दुसऱ्या दिवशी बाबांच्या तासाला पहिल्या बाकावर बसायचं होतं.

जानेवारी संपला, फेब्रुवारी लागला. आमच्या गल्लीत पोस्टमनची सायकल आली की सर बैठकीतून उठून फाटकाशी यायचे. सायकल पुढे जायची. सर चष्मा पुसायचे. तार आली नाही. आणखी काही दिवस गेले, तरी नाही. मग एका सकाळी ते आईला जिन्यात भेटले आणि म्हणाले, "वहिनी, झालं. पाचवीबी पोरगीच."

"तार आली का?"

"नाही आली ना! म्हणूनच तं म्हणतो."

आई म्हणाली, "अवं बाई! निदान कुणाले पाठवून चौकशी तं करा. बाईमाणूस बाळंत झाली, जिती हाय का मेली तेबी नाही पाहायचं?"

"काही वाईट झालं असतं तं साळ्यानं कळवलं असतं," सर म्हणाले. हा तर्कशास्त्राचा नमुना. दोनच शक्यता, एक खोडली की दुसरी उरते. जगात तिसरी काही शक्यता असू शकते, हे त्या डोक्यात शिरतच नव्हतं.

त्या आठवड्यात ते सदरमधल्या एका वकिलाकडे जाऊन आले. दुसरं लग्न केलं तर नोकरी जाते, कायदा आहे, ते त्यांना माहीत होतं. कायदाही परीक्षेत येतो. पण पहिलीला रीतसर सोडता येतं का, किती वर्षं लागतात, हे विचारून आले. हे सुनंदानेच मला सांगितलं, बेडकाची आकृती काढता काढता. तिच्या रेघा पट्टीशिवाय आडव्या यायच्या. "माही आई आता इथं येत नाही वाटते," ती म्हणाली आणि रेघ पुरी केली.

आणि मग आली प्रात्यक्षिक परीक्षा.

बाहेरगावाहून एक बाई परीक्षक म्हणून आल्या होत्या. पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा, पायात पुरुषी चपला. सरांना स्वतःच्या मुलीची परीक्षा घेता येत नव्हती, म्हणून सुनंदाची तोंडी परीक्षा त्या बाई एकट्याच घेत होत्या. सर तिथेच ट्रे मांडायच्या निमित्ताने घुटमळत होते. माझा नंबर तिच्यानंतरचा, म्हणून मी शेजारच्या टेबलाशी माझ्या झुरळावर वाकून उभी होते, त्यामुळे शब्द न् शब्द मी ऐकला.

सुनंदाने सगळं धडाधड सांगितलं. मामाच्या पोटातून एकेक अवयव काढून दाखवला. बाई खूश दिसत होत्या. मग त्यांनी जाता जाता सोपा प्रश्न टाकला, "होणारं मूल मुलगा असेल की मुलगी, हे कुणावर ठरतं?"

सुनंदाने हातातलं यकृत मामाच्या पोटात परत बसवलं. सरांनी ट्रेवरून मान वर केली. दर वर्षी येणारा प्रश्न, डोळे मिटून लिहायचा.

"बाई," सुनंदा म्हणाली, "पुस्तकातलं सांगू का घरचं?"

"घरचं म्हणजे काय गं?"

"पुस्तकात वडिलांवर ठरते. आमच्या घरी आईवर ठरते. म्हणून ती आता कन्हानले हाय."

आवाज चढवला नाही, डोळ्यात पाणी नाही.   पोरी, शाब्बास गं, असं ओरडावंसं वाटलं, पण हातात चिमटा आणि चिमट्यात झुरळाचा पाय.

सर पुढे आले आणि हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "पोरगी घाबरली जी मॅडम. तोंडी परीक्षेत होते असं."

बाईंनी चष्म्यावरून सरांकडे पाहिलं. आधी त्यांच्याकडे, मग सुनंदाकडे, मग परत त्यांच्याकडे. नाक सारखंच होतं बापलेकीचं. "घाबरलेली तर मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "बस गं. पूर्ण गुण."

आणि सरांनी काय करावं? ते मामाकडे गेले आणि त्याच्या कमरेचा पंचा सोडून परत घट्ट बांधला.

मला वाटलं होतं, आज घरी काहीतरी होणार. माणूस आहे, दगड नाही. पोटच्या पोरीने भर प्रयोगशाळेत आरसा दाखवला, निदान भडकेल तरी. संध्याकाळी मी कान लावून बसले होते. खालून सरांचा आवाज आला, सुनंदाला समजावत होते. "उत्तर एकच द्यायचं असते. दोन उत्तरं दिली का गुण जाते. ती बाई भली म्हणून वाचली तू."

एवढंच. त्यांना त्यात चूक दिसली ती एवढीच, उत्तर लिहायच्या पद्धतीतली.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. कन्हानचा तो दूधवाला फाटकाशी आला. सरांनी त्याचं दूध काकू माहेरी गेल्या तेव्हाच बंद केलं होतं, आता काय गरज म्हणून. तो कॅन खाली ठेवून दात काढत उभा राहिला. "काय गुरुजी, पेढे कवा? माह्या गाईचं दूध पेऊन पोट्टं झालं, आन मलेच विसरले!"

सर बैठकीतून बाहेर आले. "कोणाले झालं पोट्टं?"

"तुमालेच! दीड महिना होऊन राहिला ना. भलतं गोरं हाय. माही बायको पाहून आली."

मी वरून पाहत होते. सरांचा चेहरा असा झाला, जणू फळ्यावर उजव्या हाताने एक काढलं आणि डाव्याने भलतंच. मग एकदम धावपळ. सदरला जाऊन संत्रा बर्फीचा मोठा डबा आणला. कोरं धोतर. आणि आईकडे, "वहिनी, तुम्हीबी चला. तुमचं ऐकते ती." आई म्हणाली येते, आणि मलाही घेतलं. कशाला, ते तिने सांगितलं नाही. मला वाटतं तिला साक्षीदार हवा होता. सुनंदा आली. तिच्याखालच्या नववीतलीला घर सांभाळायला ठेवलं. एस.टी.त सर सारखे म्हणत होते, "तार चुकली असंल. पोस्टाचा काही भरवसा नाही."

काकू भावाच्या घराच्या ओट्यावर ऊन बघून बसल्या होत्या. पाय लांब पसरलेले, पायांवर बाळ उघडंनागडं, त्या त्याला तेल चोळत होत्या. पूर्णा शेजारी तेलाची वाटी धरून बसली होती. सगळ्यांत आधी तिनेच बापाला पाहिलं आणि आईच्या पाठीमागे सरकली.

सर ओट्याशी गेले. काकूंकडे पाहिलं नाही. बाळाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. पूर्णाकडे तर नाहीच नाही. धोतर सावरून वाकले, चष्मा नाकावर नीट बसवला आणि खाली बघायला लागले. मला एकदम तो गोठा आठवला. तेच वाकणं, तीच मान, तीच खात्री केलेली बरी.

काकूंनी दुपटं ओढून बाळावर घातलं.

"शेपूट नाही त्याले," त्या म्हणाल्या, "उचलून पाहाले."

आई माझ्या शेजारी उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. हसू दाबायला की दुसरं काही, सांगता येत नाही. म्हणजे गोठ्याची गोष्ट काकूंपर्यंत पोहोचली होती, आणि त्यांनी ती इतके महिने जपून ठेवली होती.

सर सरळ झाले. "तार काहून नाही केली?"

"पोरगी झाली तं तार करू नको म्हणले होते तुम्ही. नाही केली. समजून घ्या."

"पण पोरगा हाय ना हा!"

"तार नाही आली ना? मंग पोरगीच. तुमचाच कायदा होय." काकू परत तेल चोळायला लागल्या. "येऊबी नको म्हणले होते. मी येत नाही जी."

सरांनी बर्फीचा डबा पुढे केला. गडबडले की त्यांना शिकवायची सवय होती, ती उफाळून आली. म्हणाले, "असं कसं? हा माहा पोरगा होय. शास्त्रच हाय तसं. वाय हा बापाकडूनच येते. पुस्तकात हाय, विचार सुनंदाले!"

"हाव," काकू म्हणाल्या. "आन ह्या चार? ह्या कोणाकडून आल्या?"

  सर हळूहळू वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंत शेणानं सारवलेली, त्यावर पोपडे. मला वाटलं आता दोन्ही हात उचलतात की काय.

"चार डाव बाळंतीण झाली मी," काकू त्यांच्या पाठीला म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला. "एका डावी तुम्ही विचारलं का, दुखलं का तुले म्हणून? पोट्टी झाली का तुम्ही आठ आठ दिवस लेकराचं तोंड पाहत नव्हते. मले वाटे माहंच काही वंगाळ हाय आतमंदी. म्या स्वतःले शिव्या दिल्या. आन तुम्हाले माहीत होतं! सगळं माहीत होतं तुम्हाले. लोकायच्या पोरायले तुम्ही पगार घेऊन तेच शिकवत होते!"

सरांनी नखाने भिंतीचा एक पोपडा काढला. 

काकूंनी नाक पुसलं. मग नेहमीच्या आवाजात सुनंदाला म्हणाल्या, "तुही परीक्षा झाली का दोघीबी इकडं या. बालवाडीत लागून राहिली मी, तुह्या मामानं बोलणं केलं हाय. तुले शिकवीन पुढं." आणि सरांना, "बर्फी घेऊन जा. आधी या चौघींची आणा, मंग याची ठेवीन."

आईला 'तुमचं ऐकते ती' म्हणून नेलं होतं. आईने ओट्यावर चढून बाळाला घेतलं, पाहिलं, त्याच्या कपाळाला बोट लावून कडाकडा बोटं मोडली. मग पूर्णालाही तसंच केलं. काकूंना म्हणाली, "बरोबर करून राहिली तू." आणि खाली उतरून चप्पल घातली.

परतीच्या एस.टी.त गर्दी नव्हती. सर खिडकीशी बसले, मांडीवर बर्फीचा डबा, वरचा दोराही सुटलेला नाही. त्यांच्या शेजारी सुनंदा. आम्ही मायलेकी मागच्या बाकावर. गाडी कन्हानच्या पुलावर आली.  माझ्या मनात आलं, आता तरी. कुठेतरी आत पोहोचलं असेल. इतकं समोर बसून, तोंडावर सांगितलं त्या बाईने.

सरांनी मागे वळून आईकडे पाहिलं. चेहऱ्यावर खरोखरचा गोंधळ होता, ढोंग नव्हतं. ते म्हणाले, "वहिनी, पोरगा झाला होता. तिले माहीत होतं मी घ्याले येतो. मंग तार काहून केली नसंल तिनं? हे काही मले समजून नाही राहिलं."

आईने तोंड फिरवलं. मी काहीतरी खरमरीत बोलणार होते, जिभेवर आलंही होतं. पण सुनंदा खिडकीतून खाली नदीकडे बघत होती, तिकडेच बघत म्हणाली,

"जाऊ द्या बाबा. ते परीक्षेत येत नाही."